थोरलीची माती

"उजव्या हातात दे," काकी म्हणाल्या. "डाव्या हातात कुणी काही देतं व्हय?"

सरांचा डावा हात तसाही मोकळा नव्हता. काकींनी तो मऊ पंच्याने खुर्चीच्या हाताला बांधून ठेवला होता आणि वर लोकरीचा हातमोजा चढवला होता. मी डब्यातलं ओलसर मिश्रण मूठभर घेतलं आणि सरांच्या उजव्या तळव्यावर ठेवलं. सरांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. बोटं किंचित हलली, आत वळल्यासारखी झाली, आणि मग सगळं मिश्रण बोटांच्या फटींतून मांडीवरच्या चादरीवर आणि तिथून फरशीवर सांडलं.

"नाही," सर म्हणाले.

"झालं!" काकी म्हणाल्या. "सकाळीच धुतलेली चादर."

"म्हणजे हे चालणार नाही," मी म्हणाले, निळ्या झाकणाचा डबा बंद केला आणि खिडकीत ठेवून दिला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा कोल्हापुरात एका कॉलेजात तात्पुरत्या जागेवर वनस्पतीशास्त्र शिकवत होते. सरनोबत सर माझे गुरू. निवृत्त झाल्यावर ते आणि काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, पन्हाळ्यावर राहायला गेले आणि घरामागे हिरव्या जाळीखाली त्यांनी घटपर्णी वाढवायला घेतल्या. घटपर्णीच्या पानाच्या टोकाला एक झाकणाची सुरई लोंबत असते, तिच्यात किडे पडतात आणि झाड ते पचवून टाकतं. मी सवड मिळेल तशी एसटीने वर जायची, पाणी घालायची, कलमं करायची, मुंग्या हाकलायची. सर हातचं काही राखून न ठेवता शिकवायचे. फक्त कुंडीत काय भरायचं, ते मात्र कधी सांगितलं नाही.

लोक त्याला सवयीने माती म्हणतात, पण त्यात माती औषधालासुद्धा नसते. वाळलेलं शेवाळ, नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, पांढरे हलके खडे, कधी झाडाची साल, एवढंच. खत अजिबात नाही. या झाडाची मुळं पोट भरायला नसतात, नुसती तहान भागवायला आणि उभं राहायला असतात. त्यामुळे मिश्रण पाणी किती धरतं आणि किती सोडतं, यावर सगळा खेळ.

बागवाल्या लोकांची एक गंमत असते. फांदी मागा, तोडून देतील. बी मागा, पुडीत बांधून देतील. कुंडीत काय भरता असं विचारा, की एकदम हवामानावर बोलायला लागतात. सर त्यांच्याही पुढचे. कुंड्या बदलायचा दिवस आला की ते मागच्या खोलीत जायचे, दार आतून लावून घ्यायचे आणि बऱ्याच वेळाने टोपलंभर मिश्रण घेऊन बाहेर यायचे, चेहऱ्यावर देवदर्शन करून आल्यासारखं समाधान. मी बाहेर उभी, हातात रिकामी कुंडी. मला याचा भयंकर राग यायचा. एवढी वर्षं पायऱ्या झिजवल्या, तरी मी परकीच.

मग सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं, लिहिणं गेलं. समजत सगळं होतं, पण तोंडातून एकच शब्द यायचा, तो म्हणजे 'नाही'. चहा देऊ का? नाही. आणि कप रिकामा. काकींना बघून डोळे हसायचे, तोंड म्हणायचं, नाही. मान हलवायचे, पण काढ्याला आणि बासुंदीला सारखीच. त्यामुळे त्यांच्या 'नाही'ला आणि मानेला घरात कुणी धरून बसत नसे.

ते दवाखान्यात असताना जाळीखालचं सगळं उजाड झालं. सरांनी एका थंड डोंगरातल्या घटपर्णीचा आणि एका दमट, सखल रानातल्या घटपर्णीचा संकर करून बी धरलं होतं. त्यातून दोनच रोपं वाढली. सर त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचे. धाकटी पाण्यावाचून गेली. थोरली उरली, आणि तशी दुसरी कुठेही नव्हती. दवाखान्यातून परत आल्यावर काकींना ती मरगळलेली दिसली. त्यांनी प्रेमाने तिच्या कुंडीत चहाचा चोथा आणि दोन मुठी शेणखत घातलं.

"उपाशी वाटली गं मला ती," काकी नंतर मला म्हणाल्या. "सुरया पण रिकाम्या. माझ्या गुलाबाला घालते तेच घातलं की."

गुलाब जगतो त्यावर, घटपर्णी मरते. मी गेले तेव्हा कुंडीला वास येत होता. या झाडाची मुळं मुळातच काळी आणि केसासारखी बारीक असतात, त्यामुळे काळी दिसली म्हणून मी घाबरले नाही. पण चिमटीत धरल्यावर त्यांची साल मोज्यासारखी सुटून हातात आली, म्हणजे मुळं कुजली होती. थोरलीला उपटून, साठवलेल्या पावसाच्या पाण्यात धुऊन, ओल्या शेवाळात गुंडाळून मी सावलीत ठेवलं. तशी ती फार दिवस राहणार नव्हती. नवं मिश्रण लगेच हवं होतं, आणि चुकीचं घालून चालणार नव्हतं. तिच्या आईला कोरडेपणा सोसत नव्हता आणि बापाला मुळाशी साचलेलं पाणी. शेवाळ जास्त झालं तर कुजणार, कमी झालं तर वाळणार. उरलेली चार चांगली मुळं एकदाच कुंडीत जाऊ शकत होती.

पोती सगळी मागच्या खोलीत होती, त्यांतलं हवं तेवढं घरी नेता येत होतं. प्रमाण सरांच्या डोक्यात होतं.

वर माझं आणखी एक त्रांगडं. बंगळूरला एका संस्थेत मला पक्की नोकरी मिळाली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. आई घरी माझी बॅग भरत होती आणि मी बाथरूममध्ये बादलीत शेवाळ भिजवत होते.

तेव्हा मला ही युक्ती सुचली. या कामातला माणूस मिश्रण डोळ्यांनी बघत नाही, हाताने बघतो. मूठ भरायची, दाबायची. पाण्याची धार लागली तर वाईट, थेंबच आला नाही तर वाईट. मूठ उघडल्यावर गोळा झाला तर वाईट, फुगून सुटं झालं तर चांगलं. सरांची वाचा गेली असेल, तळवा तर होता ना? मी करून न्यायचं, त्यांच्या हातात द्यायचं. धरून ठेवलं तर बरोबर, टाकलं तर चूक. इतकं सोपं.

पहिला, निळ्या झाकणाचा डबा मी फार विचार न करता, हाताला येईल तसा केला होता. तो सरांनी टाकला. मग मी विचार करायला लागले, आणि तिथून माझी झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी शेवाळ कमी केलं. सरांच्या हातातून ते सांडलं. मग सोडण वाढवलं, तेही सांडलं. कोळसा बारीक कुटून घातला. सरांची चादर काळी झाली आणि काकी त्या दुपारभर माझ्याशी बोलल्या नाहीत. वर्गात फळ्यावर पानाचा छेद काढता काढता मी बाजूला प्रमाणाचे आकडे मांडायला लागले. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" मी पुसून टाकलं. नखांत काळं, साडीला काळं, डोक्यात तेच.

एसटीत मांडीवर डबे घेऊन बसायची. कंडक्टर आता ओळखायला लागला होता.

"पेशंटचा डबा व्हय, मॅडम?"

"हो."

"काय हाय आज?"

"कोळसा आणि नारळाची सोडणं," मी म्हणाले.

त्याने तिकीट फाडून दिलं आणि पुढे गेला.

मी दुपारीच जाऊ शकायची, आणि दुपारी सरांचा डावा हात बांधलेला असायचा. नेर्लेकर नावाचा फिजिओथेरपिस्ट कोल्हापुरातून यायचा. त्याने सांगितलं होतं की चांगला हात मोकळा असला की आजारी हात आळशी होतो, म्हणून रोज दुपारी चांगला हात बांधून ठेवायचा आणि जे काही द्यायचं ते आजारी हातात द्यायचं. काकींनी ते व्रतासारखं पाळलं. मला वेगळं काही सुचायचं कारणही नव्हतं, कारण उजव्या हातात जीव येत होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, सर त्या हातात रुमाल धरायचे. रबरी चेंडू कधीकधी धरायचे. मग रुमाल धरता येतो तर माझं मिश्रण का टाकतात? आवडलं नाही म्हणूनच टाकतात. दुसरं काय असणार?

दिवस सरत गेले तसे सर जास्तच चिडायला लागले. मी डबा उघडला की ते माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघायचे, तिथे जुने डबे रांगेने ठेवलेले. "नाही! नाही!" मग मान खिडकीकडे, मग माझ्याकडे, मग परत खिडकीकडे. चेहरा लालबुंद. मी समजायची की इतके डबे झाले तरी हिला जमत नाही, असं म्हणतायत.

शुक्रवारी मी बाहेरच्या सोप्यात येऊन बसले तेव्हा मला रडू येत होतं. थोरलीच्या दोन सुरया झाकणापासून वाळत खाली आल्या होत्या. काकींनी चहा आणून दिला.

"तुझ्यावर चिडतात का गं ते?" त्यांनी विचारलं.

"माझ्यावरच. मी त्यांचं गुपित काढून घ्यायला बघतेय ना."

"कसलं गुपित?"

"मिश्रणाचं. इतकी वर्षं दार लावून करायचे, मला एकदा आत घेतलं नाही. आता शेवटची एक उरलीय, तिचा जीव जातोय, तरी सांगायचं नाही. हातात दिलं की टाकून देतात. मेली तरी चालेल पण हिला कळता कामा नये."

काकी माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिल्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, ओठांवर आलंही होतं. मग त्यांनी पदराने कपाळ पुसलं.

"तसं नसंल बाई," त्या म्हणाल्या. "तसा माणूस न्हाई तो."

"मग दार का लावायचे? तुम्हाला तरी माहीत आहे का?"

"चहा पी. गार होतोय," काकी म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

शनिवार शेवटचा. रात्रीच्या गाडीने मला निघायचं होतं. मी सगळेच डबे घेऊन बसायचं ठरवलं होतं. खिडकीतले खाली काढले, नवे दोन उघडले. चादरीवर काकींनी प्लॅस्टिकचा कागद अंथरला होता, मला जरा हायसं वाटलं. सरांच्या समोर स्टूल ओढून बसले.

"सर, आज शेवटचं. नीट बघा."

पहिली मूठ दिली, ती सांडली. दुसरी सांडली. तिसरी तर बोटांना लागलीसुद्धा नाही, तळवा आपोआप कलला आणि सगळं खाली गेलं.

"नाही," सर म्हणाले. "नाही नाही नाही." बांधलेला हात खुर्चीला हिसके देत होता. त्यांच्या ओठाच्या कडेला फेस आला.

आणि माझा तोल गेला.

"मग सांगा ना, काय ते!" मी ओरडले. "इथे मूठभर शेवाळासाठी मी रोज गड चढून येतेय, आणि तुम्ही चादरीवर ओतताय! द्यायचं नसेल तर नका देऊ. तुमचं तुमच्यापाशी ठेवा. थोरली गेली तर ती तुमच्या हट्टाने जाईल, माझ्या नाही!"

निळा डबा हाताशी होता तो मी त्यांच्या मांडीवर जवळजवळ आपटला. झाकण उडालं. सर माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी आयुष्यात त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मी उठले, पर्स शोधायला लागले, ती कुठे ठेवली तेच मला सापडेना.

"बास!" काकी स्वयंपाकघरातून आल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. "माणूस हाय का बैल? घाम फुटलाय बघ त्यांना. मरू दे ते फिजिओचं." त्यांनी पंच्याची गाठ ओढली, ती निघेना, मग दाताने सोडवली. हातमोजा उपसून काढला.

सरांचा डावा हात सुटला. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार, आणि खरं सांगायचं तर बसली असती तर मी खाल्ली असती.

तो हात माझ्याकडे आलाच नाही. तो सरळ निळ्या डब्यात गेला. सरांनी मूठ भरली, वर काढली, दाबली. मनगटावरून पाण्याचे दोन थेंब ओघळले. त्यांनी मूठ उघडली. मिश्रण फुगून सुटं झालं. पुन्हा मूठ मिटली, नाकाशी नेली, वास घेतला, आणि मग ती मूठ छातीशी धरून ते तसेच बसले. काकींनी सोडवायला बघितलं तर सोडेनात.

मी पर्स शोधायची थांबले. स्टुलावर परत बसले आणि दुसऱ्या डब्यातलं मिश्रण पुढे केलं, या वेळी डाव्या हाताशी. त्यांनी छातीशी धरलेलं जपून मांडीवर ठेवलं. माझ्या हातातलं घेतलं, एकदाच दाबलं, आणि भिरकावून दिलं. ते समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर जाऊन बसलं. तिसरं दिलं, ते पंख्यावर गेलं. कुटलेल्या कोळशाचं तर त्यांनी हातातही घेतलं नाही, डबाच उलटा केला.

तेव्हा मला कळलं की सरांनी टाकून दिलेलं कसं दिसतं. आठवडाभर जे चादरीवर पडत होतं, ते त्यांनी टाकलं नव्हतं. ते नुसतं पडलं होतं. रुमाल एकसंध असतो, बोटांत अडकून राहतो. भुसभुशीत मिश्रण धरायला पाची बोटं मिटावी लागतात, आणि ती मिटत नव्हती. माझा पहिलाच डबा बरोबर होता. पहिल्याच दिवशी सर मला हो म्हणत होते आणि तेव्हापासून रोज, खिडकीतल्या निळ्या झाकणाकडे मान करून करून, तेच सांगत होते. मी मात्र रोज त्यांच्या तोंडावर नवीन चूक घेऊन जात होते. मला इतकी लाज वाटली की मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थापटलं आणि केसांत सोडणाचे तुकडे राहिले.

"अगं ऊठ," काकी म्हणाल्या. "रडायचं नंतर. ते झाड आण आधी."

थोरली जगली, हे आत्ताच सांगून टाकते. पावसाळ्यात तिला नवं पान आलं आणि दिवाळीला काकींनी फोनवर सांगितलं की सुरईत माशी पडलीय. पण त्या दुपारी पुढे जे झालं त्यानंतर थोरलीचं काय होईल याची काळजी माझ्या मनातून जरा मागेच पडली.

आम्ही खुर्ची मागच्या पडवीत नेली. स्टुलावर मोठं टोपलं ठेवलं आणि मी मागच्या खोलीत गेले. पोती ओढून आणली. निळ्या डब्याच्या अंदाजाने टोपल्यात ओतायला लागले. सर डाव्या हाताने काही सोडणाचे मोठे तुकडे निवडून बाहेर फेकत होते, कोळसा आणखी घाल म्हणून बोट दाखवत होते. प्रमाण माझं आणि सफाई त्यांची. पावसाचं पाणी शिंपडत मी उजव्या हाताने कालवत होते, ते डाव्या हाताने. मध्येच सर थांबले. डाव्या हाताने त्यांनी स्वतःचा उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि टोपल्यात ठेवला. मग त्यावर ओलं शेवाळ ओढलं, मनगटापर्यंत. डोळे मिटले.

आणि गुणगुणायला लागले.

मला वाटलं, कण्हतायत. मी काकींना हाक मारणार होते. पण त्या आवाजाला ठेका होता. डाव्या हाताची बोटं टोपल्याच्या काठावर तो ठेका धरत होती. सर हळूहळू चढत गेले, आणि एकाएकी त्या सुरातून शब्द बाहेर आले, स्वच्छ, एकेक अक्षर सुटं.

"पायथ्याशी गडाच्या राया, पैंजण माझं सुटलं…"

माझा हात टोपल्यातच राहिला. झटका आल्यापासून त्या तोंडातून 'नाही'शिवाय अक्षर फुटलं नव्हतं. आणि फुटलं ते हे! कडक इस्त्रीच्या शर्टातले, वर्गात पोरगी हसली तरी चष्म्यावरून बघणारे आमचे सरनोबत सर लावणी म्हणत होते. ठसक्यात, भुवई उडवून, बाईच्या नखऱ्याने. एवढ्यासाठी त्या खोलीचं दार लागत होतं, आणि मी उगाच वर्षानुवर्षं त्या दाराकडे बघून दात खात होते.

काकी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातातला चिमटा तसाच.

"काकी," मी कुजबुजले, "सर बोलतायत."

"ऐकतेय की."

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"भिंती काय, सगळ्याच घरांच्या पातळ असतात. लग्न झाल्यापासून मी काय बहिरी हाय?" त्यांचा आवाज चिरका झाला. "चारचौघांत कधी ताल धरला न्हाई. त्यांना वाटायचं कुणाला कळत न्हाई. मी कशाला बोलून दाखवू? बिचारा एवढंच तर करत होता."

सरांनी पहिली ओळ परत म्हटली. मग दुसऱ्या ओळीकडे वळले. "वाकून बघते…" म्हणाले आणि अडकले. "वाकून… वाकून…" ठेका चुकला. बोटं काठावर घुटमळली. पुढचे शब्द कुठेतरी होते आणि हाताला लागत नव्हते. चेहरा आक्रसला, मघासारखा लाल व्हायला लागला, डोळे उघडले आणि त्यांत भीती दिसली. आले तसे शब्द परत चालले होते.

मला ती लावणी येत नव्हती. मी हतबल होऊन काकींकडे बघितलं.

काकींनी चिमटा खिडकीत ठेवला. कुंपणापलीकडे कुणी आहे का ते बघितलं. पलीकडे शेजारची म्हातारी वाळवण राखत बसली होती. काकींनी तिच्याकडे पाठ केली, पदर सारखा केला, आणि मला दटावून म्हणाल्या, "तू तुझी कुंडी बघ. इकडं बघू नको."

मी मान खाली घातली. थोरलीची मुळं शेवाळातून सोडवायला लागले.

माझ्या डोक्यावरून आधी एक खाकरल्याचा आवाज आला. मग बारीक, थरथरत्या, देवाची आरती म्हणायच्या आवाजात काकींनी ओळ धरली.

"वाकून बघते शोधाया, तर बटन चोळीचं तुटलं…"

मी हळूच वर बघितलंच. सर काकींकडे बघत होते. इतक्या वर्षांची चोरी पकडली गेली होती, आणि ती पकडणारी बाई समोर लाजून उभी होती. मग त्यांच्या छातीतून हसू आलं, अर्ध्याच तोंडाने, पण खदाखदा. त्यांनी टोपल्याच्या काठावर जोरात ठेका दिला आणि तीच ओळ उचलली, पूर्ण, एकही शब्द न अडखळता. काकींनी तोंडाला पदर लावला. डोळे पुसत होत्या की हसू लपवत होत्या, मला कळलं नाही. पदराआडूनच त्यांनी पुढचं कडवं सुरू केलं, आणि ते पहिल्यापेक्षा चावट होतं.

मी थोरलीला कुंडीत उभं केलं, भोवती मुठीमुठीने मिश्रण सोडलं, आणि दोघांचं गाणं संपेपर्यंत ते दाबत राहिले.